हायड्रोजन वेळेवर पोचला नाही तर

द्रव तेल घट्ट करायचं तर त्याला हायड्रोजन जोडतात, पण तेलात हायड्रोजन फारसा विरघळत नाही, सगळी गोष्ट इथूनच सुरू होते. 1902 साली जर्मनीत विल्हेल्म नॉर्मननं द्रव तेल निकेलच्या मदतीनं (निकेल इथं कॅटॅलिस्ट, म्हणजे रिअ‍ॅक्शन वेगानं घडवणारा) घट्ट करायचं पेटंट घेतलं, आणि 1937 मध्ये आपल्याकडे डालडा आला, शिवडीच्या कारखान्यातून. पिवळा डबा, ताडाचं झाड, आठवत असेलच. आत होतं काय, तर हायड्रोजन जोडून थिजवलेलं तेल.

आता हिशोब बघा. आयोडीन व्हॅल्यू म्हणजे तेलात डबल बाँड, म्हणजे हायड्रोजन जोडायच्या जागा, किती आहेत त्याचं माप. एक टन सोयाबीन तेलाची आयोडीन व्हॅल्यू 130 वरून 70 वर आणायची तर साधारण 53 घनमीटर हायड्रोजन लागतो, आणि तेलात एका वेळी विरघळून राहतो तो त्यातला जेमतेम टक्काभर, तोही दाब दिला तर. म्हणजे संपला की लगेच नवा यायला पाहिजे, बुडबुड्यातून तेलात, तेलातून निकेलच्या कणापर्यंत, आणि मग कणाच्या बारीक छिद्रांतून आत. यातला एक टप्पा जरी रेंगाळला तरी पुढचं सगळं अडकतं, निकेल कितीही भारी आणा.

आणि वरून ही रिअ‍ॅक्शन स्वतःच तापते. आयोडीन व्हॅल्यू एकनं उतरली की तेल दीडेक डिग्रीनं चढतं, म्हणून भांड्यात कूलिंग कॉइल असते. तापमान वाढलं की निकेलवरचं काम भराभर होतं पण हायड्रोजन पोचायचा वेग त्यामानानं फारसा वाढतच नाही, म्हणजे जितकं गरम तितकी टंचाई जास्त.

टंचाईत काय होतं ते खरं बघण्यासारखं आहे. डबल बाँडला एक हायड्रोजन चिकटतो, बाँड सैल होतो, फिरू शकतो, आता दुसरा यायला हवा, पण आसपास कोणी नसतोच, मग पहिलाही सुटून जातो आणि डबल बाँड परत जुळतो, पण पुष्कळदा तेलाच्या रेणूतली ती लांब साखळी वाकड्याऐवजी सरळ होऊन. हेच ट्रान्स फॅट. सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून ओलेइक अ‍ॅसिड (तेलातली एक नेहमीची वाकडी साखळी) जिथं 13-14 डिग्रीला वितळतं तिथं त्याचंच ट्रान्स भावंड 45 च्या आसपास. कारखान्याला हे गैरसोयीचं नव्हतं बरं का, वनस्पती तूप कमी हायड्रोजनमध्ये घट्ट व्हायचं. ट्रान्स फॅटला निव्वळ अपघात म्हणणं मला पटत नाही, अर्धा अपघात, अर्धी सोय.

मग अ‍ॅजिटेटर, म्हणजे भांड्यातला ढवळणारा पंखा, जोरात फिरवा ना? फिरवतात. टंचाई बुडबुड्यापाशी आहे का हे ओळखायचीही हीच युक्ती, स्पीड वाढवला आणि रिअ‍ॅक्शन पळाली तर हो, काहीच फरक नाही तर अडचण पुढे कुठेतरी. निकेल दुप्पट टाकलं तरी वेग दुप्पट होत नाही, हीसुद्धा एक खूण.

पण छिद्रांच्या आत भानगड उलटी आहे. इथं अडकतो तो हायड्रोजन नाही, तेलाचा रेणू, तीन लांब साखळ्यांचा धटिंगण, चाळीच्या अरुंद जिन्यात कपाट अडकावं तसा. एक डबल बाँड भरला, रेणू बाहेर निघायला पाहिजे होता, पण निघता येत नाही, मग आतच उरलेले बाँडही भरत जातात आणि थेट स्टिअरिक अ‍ॅसिडची, एकही डबल बाँड नसलेली साखळी तयार होते, म्हणजे 69-70 डिग्रीला वितळणारं, जिभेवर मेणासारखं. हायड्रोजनची टंचाई ट्रान्स वाढवते, छिद्रातली कोंडी मेण, म्हणून कॅटॅलिस्ट बनवणारे छिद्रांच्या मापावर इतका जीव टाकतात.

2022 च्या जानेवारीपासून भारतात खाद्यतेल आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा 2 टक्क्यांवर आणलीय, आणि अर्धवट हायड्रोजनेशन करून एवढ्यात बसणं फार अवघड आहे. त्यामुळे आता तेल पूर्णच हायड्रोजनेट करायचं, एकही डबल बाँड न ठेवता, म्हणजे ट्रान्स जवळजवळ उरतच नाही, आणि मग ते दगडासारखं घट्ट फॅट साध्या तेलात मिसळून साखळ्यांची अदलाबदल करायची, हा एक मार्ग. दुसरा त्याहून सोपा, सरळ पामतेल आणायचं, ते मुळातच अर्धं थिजलेलं असतं.