तक्रार लेखी द्यावी, पोच जपून ठेवावी

श्रोतेहो, नमस्कार. पोलीस ठाण्यात आपली तक्रार घेतली गेली नाही किंवा पोलिसांकडूनच अन्याय झाला, तर दाद कोठे मागावी, याविषयी आज बोलणार आहे.

आमच्या शेजारी भाजी विकणाऱ्या एक मावशी राहतात. काही वर्षांपूर्वी बाजारातून परतताना मोटारसायकलवरच्या दोघांनी त्यांच्या गळ्यातील पोत ओढून नेली. ठाण्यात दोन तास बसवून घेतल्यावर त्यांच्यापुढे जो कागद ठेवला गेला, त्यात पोत ‘गहाळ’ झाल्याची नोंद होती. मावशींनी तो वाचला आणि सही करण्यास नकार दिला. “साहेब, हरवली नाही, ओढली. मानेवरचा वळ बघा,” एवढेच त्या म्हणाल्या. त्या रात्री नातवाच्या वहीतील पानांवर आम्ही दोघांनी अर्ज लिहिला: तारीख, वेळ, जागा, ठाण्यात कोण काय बोलले, सारे काही. एक प्रत घरी ठेवली आणि अर्ज रजिस्टर पोस्टाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवला. पोच आली, ती मावशींनी देव्हाऱ्यात ठेवली. बाराव्या दिवशी त्याच ठाण्यातून बोलावणे आले, जबरी चोरीचा गुन्हा नोंदला गेला आणि त्याची प्रत त्यांना विनामूल्य मिळाली. पोत आजवर सापडलेली नाही. ती प्रत मात्र पोचेशेजारीच आहे. शाळेत सुट्टीचा अर्ज शिकवतात, तसा तक्रारीचाही शिकवावा, असे माझे ठाम मत आहे.

दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर मिळाल्यावर गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केले. ठाण्याने नकार दिल्यास अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा, आणि तेथेही दाद न मिळाल्यास न्यायालयात दंडाधिकाऱ्यांकडे जावे. पुन्हा सांगतो, आधी अधीक्षक, मग दंडाधिकारी.

कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी अशा तक्रारींसाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पोलीस सुधारणांविषयीच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर, २०१४ च्या कायदादुरुस्तीने महाराष्ट्रात त्याची तरतूद झाली. उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात. राज्य मानवी हक्क आयोगाचे दारही उघडे आहे, मात्र तेथे घटनेपासून एका वर्षाच्या आत तक्रार पोहोचावी लागते. म्हणून अर्जात घटनेची तारीख सर्वांत वर, ठळक लिहावी.