आयर्विनला किती?

(दृश्य : पुलाच्या खांबावर रंगवलेली फुटांची पट्टी. तांबडं पाणी.)

पावसाळ्यात दोन सांगलीकर भेटले की तब्येतीची चौकशी नंतर. आधी एकच प्रश्न, आयर्विनला किती? आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल. 1929 साली, संस्थानाच्या काळात हा दगडी पूल वाहतुकीला खुला झाला. त्याच्या पट्टीवर 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. आज सकाळी पाणी 29 वर आहे, कोयनेच्या पाणलोटात पाऊस धो-धो सुरू आहे, आणि कठड्यापाशी दहा-बारा पोरं उघड्या अंगानं उभी आहेत.

(उडी. संथ गतीत.)

नीट बघा. पाय आधी गेलेत. एरवी याच पोरांचा सूर बघण्यासारखा असतो, पण पुराच्या पाण्यात डोकं आधी घालायचं नाही, हा इथला पहिला धडा. चहाच्या रंगाच्या या पाण्याखालून काय चाललंय, ते कुणालाच दिसत नसतं. आख्खी बाभूळ मुळासकट वाहत येते.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्यानं अगदी नेमकी टिपली आहे. सगळे पुलाच्या खालच्या अंगाला उड्या मारताहेत, आणि तेही कमानीच्या बरोबर मध्यावर. वरच्या अंगाला मारली तर धार माणसाला उचलून खांबावर आपटणार. खालच्या अंगाला ती त्याला पुलापासून लांब नेते. फक्त दोन्ही खांबांच्या पाठीमागं पाणी उलटं फिरत असतं. ते टाळायचं म्हणून मध्य. वरून बघणाऱ्याला ही नुसती पोरांची मस्ती वाटते. पोरं उडी मारण्याआधी तिथं पाच-पाच मिनिटं नुसती पाण्याकडं बघत उभी होती, ते आम्ही काटछाट न करता ठेवलं आहे.

(सरकारी घाट. पायरीवर चपलांचा जोड.)

हे काका उडी मारत नाहीत. साठी ओलांडलेले आहेत, घाटावरूनच पाण्यात शिरतात. चपला पाण्याच्या वर चौथ्या पायरीवर काढायच्या, शर्ट घडी करून पिशवीत, पिशवी नातवाच्या हातात. मग पाण्यात पाय सोडून बसायचं आणि अंगाला पाणी लावायचं. एकदम शिरलं की दम लागतो, म्हणून.

आता काकांचे हात बघा. पाण्याशी झटापट नाही. समोर सांगलवाडीचा काठ दिसतो, पण तिकडं सरळ जायचा प्रयत्न ते करतच नाहीत. तोंड तिरपं ठेवतात, धार जिकडं नेईल तिकडं जाऊ देतात आणि त्या वाहण्यातच थोडं थोडं बाजूला सरकतात. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा रेटा चौपट होतो. काकांनी हे गणित कधी मांडलेलं नाही. ते म्हणतात, नदीला आडवं जायचं नाही, तिच्या कलानं घ्यायचं.

भोवरा लागला तर? त्यावर काका पाचही बोटं मिटून दाखवतात. अंग आखडायचं नाही, वर येण्यासाठी हातपाय झाडायचे नाहीत. छातीभर श्वास घ्यायचा, बुडी मारायची आणि भोवऱ्याच्या कडेनं बाहेर पडायचं. बोलायला सोपं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हे जमेलच असं नाही, हेही काकाच सांगतात.

आमचा कॅमेरावाला मालवणचा. वादळात फळी घेऊन लाटांवर जाणारी पोरं त्यानं पाहिली आहेत. त्याचं म्हणणं, समुद्रात दोन लाटांच्या मध्ये श्वास घ्यायला तरी सवड मिळते, ही बाई थांबतच नाही. खरं आहे. पुराची नदी म्हणजे न फुटणारी एकच लाट, साताऱ्याच्या डोंगरात उठलेली. कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना तिला मिळते, आणि खाली हरिपूरला वारणा आडवी येते. वारणेलाही पूर असला की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, तुंबतं, आणि सांगलीत चढायला लागतं. आज ते चढतंय.

(मळीतला ऊस. फक्त शेंडे पाण्यावर.)

काठाला लागायची जागा आधीच ठरलेली असते. उसाचे शेंडे दिसतात म्हणजे खाली जमीन आहे, पाणी थोडकं आहे, असं नवख्याला वाटतं. पण मळीत, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानात, शेतकऱ्यांचे मोटारींचे पाइप असतात, केबली असतात, कुंपणाच्या तारा असतात. पूर यायच्या आधी मोटारी वर काढतात, तारा तशाच राहतात. पाय अडकला आणि वरून धारेचा रेटा आला की पोहता येण्याचा काही उपयोग नाही. मगरींचं वेगळंच. औदुंबर-भिलवडीपासून डिग्रजपर्यंत त्या आहेतच, आणि पुरात आपला डोह सोडून कुठंही असतात.

दर पावसाळ्यात कुणीतरी बुडतं. पोलीस शिट्ट्या वाजवतात, कठड्यावरची गर्दी तेवढ्यापुरती हटते.

आमचं मत लपवत नाही. मोबाइलसमोर पहिल्यांदा पुरात उडी मारणारा आणि उन्हाळाभर या घाटावर घासलेला, या दोघांना एकाच शिट्टीनं हाकलणं आम्हाला पटत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये हीच पट्टी 57 फुटांच्या वर गेली होती. बाहेरून रबरी बोटी येईपर्यंत गल्लीगल्लीतून माणसं काढायला पाण्यात उतरले ते इथले नावाडी आणि पोहणारेच. त्याच पुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली.

(हरिपूरचा काठ. काका पाण्याबाहेर.)

संगमेश्वराच्या देवळाच्या बरंच अलीकडं काका काठ धरतात. ठरलेलं चिंचेचं झाड, ठरलेली फांदी. हात थरथरताहेत, ओठ निळे पडलेत. नातू सायकलवरून पिशवी घेऊन आलेला. त्याला विचारलं, तू कधी? त्यानं आजोबांकडं बघितलं. पाठीला पत्र्याचा डबा बांधून त्याचं शिकणं सुरू आहे, तेही फक्त एप्रिल-मे, पाणी संथ असताना.

दोघं हरिपूर रस्त्यानं परत निघतात. काका अनवाणीच, डांबरावर ओली पावलं उमटवत.

(सरकारी घाट. संध्याकाळ.)

घाटावर आल्यावर काका थांबतात. पायऱ्या मोजतात, पुन्हा मोजतात. चपला ठेवलेली पायरी पाण्यात गेली आहे.

"आयर्विनला किती?" ते वरच्या पोराला ओरडून विचारतात.