मळवली: समुद्राकडच्या माणसांचं घाटावरचं स्टेशन

(दृश्य: लोणावळा स्टेशन, चैत्रातली सकाळ. मुंबईहून आलेल्या गाडीतून उतरणारे यात्रेकरू.)

चैत्रात मुंबईची गाडी लोणावळ्याला लागली, की डब्याडब्यातून कोळीवाडे खाली उतरतात. वरळीचे, वेसाव्याचे, माहीमचे. केसांत गजरे, अंगावर ठेवणीतली लुगडी, कडेवर पोर, डोक्यावर देवीच्या ओटीचं सामान. बँजोवाला गाडीतून उतरता उतरताच सूर लावून बघतो. आणि मग सगळ्यांची एकच विचारणा सुरू होते, "पुण्याची लोकल कुठल्या फलाटावर?"

कारण एकवीरा आईच्या पायथ्याला जायचं तर लोणावळ्याच्या पुढचं स्टेशन गाठावं लागतं. ते स्टेशन म्हणजे मळवली. मोठ्या मेल-एक्सप्रेस तिथं थांबत नाहीत, थांबते ती लोकल.

(दृश्य: मळवलीचा फलाट. पुण्याकडून येणारी लोकल.)

त्याच वेळी उलट्या बाजूनं पुण्याची माणसं येत असतात. शिवाजीनगरला, चिंचवडला, तळेगावला चढलेली. पाठीवर सॅक, पायात ट्रेकिंगचे बूट, हातात घरून आणलेला डबा. मळवलीला दोन्ही गर्द्या एकाच फलाटावर एकमेकींतून वाट काढतात आणि लगेच वेगळ्या होतात. कोळी मंडळी रुळांच्या उत्तरेला, कार्ल्याकडे जातात. पुण्याची पोरं दक्षिणेला, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाजे गावाकडे निघतात.

हे स्टेशन लहान आहे. पण त्याच्या दोन्ही बाजूंना जे उभं आहे, ते बघितलं की एवढ्याशा ठिकाणी इतकं कसं मावलं, असा प्रश्न पडतो.

(दृश्य: कार्ले लेणं. चैत्यगृहाचं छत, मग खांब, मग खांबावरची अक्षरं.)

कार्ल्याचं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, हे भारतातलं सर्वांत मोठं कोरीव चैत्यगृह मानलं जातं. आत शिरल्यावर आधी वर बघा. दगडी छताखाली लाकडाच्या फासळ्या आहेत, आणि त्यातल्या कित्येक मूळच्या, म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. मग खांबांजवळ जा. ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली दिसतील. वैजयंती नगरीचा श्रेष्ठी, म्हणजे मोठा व्यापारी, भूतपाल आहे, धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे ग्रीक, आहेत, आणि एक दाता सोपाऱ्याचा आहे. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, त्या काळातलं गजबजलेलं बंदर.

म्हणजे बंदरात उतरलेला माल घाट चढून देशावर जायचा, त्या वाटेवरचा हा मुक्काम. याच चैत्यगृहाच्या दाराशी एकवीरेचं देऊळ आहे. दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या कोळणीला हा शिलालेख कोणी वाचून दाखवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तिच्याच किनाऱ्यावरचा माणूस तिच्या आधी इथं येऊन गेलाय. तिथं मराठीत एक नीट वाचता येईल असा फलक लागायला हवा.

(दृश्य: बोरघाट. बोगद्यातून बाहेर येणारी गाडी.)

रेल्वे आली तीही समुद्राकडूनच, पण सलग नाही. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत पोचले आणि समोर सह्याद्री उभा राहिला. रेल्वे कंपनीनं घाटाचं काम संपायची वाट पाहिली नाही. १४ जून १८५८ रोजी वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मळवलीचा माळ याच तुकड्यावर येतो. घाटातून रूळ नव्हते, त्यामुळे या मार्गावरची इंजिनं आणि डबे घाटरस्त्यानं वर चढवावे लागले. प्रवाशांचं तेच. खोपोलीला गाडीतून उतरायचं, पालखी, तट्टू किंवा बैलगाडीनं खंडाळा गाठायचा आणि तिथं दुसऱ्या गाडीत बसायचं. पुण्याला जाणारा माणूस पाच वर्षं असाच प्रवास करत होता.

बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. साधारण २५ किलोमीटरची चढण, २५ बोगदे, आणि सर्वांत कठीण जागी ३७ फुटांना एक फूट चढ. १८६१ च्या सुमारास या कामावर चाळीस हजारांहून जास्त मजूर होते. पटकीनं त्यातले किती गेले, त्यांची नावं कुठं कोरलेली नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथं आल्यावर काही आठवड्यांतच वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिनं ते कंत्राट पुढं चालवलं. १८५९ सालची ही गोष्ट आहे. घाटाच्या इतिहासात मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचं नाव नेहमी येतं. अ‍ॅलिस ट्रेडवेलचं नाव मात्र तेवढ्या वेळा ऐकू येत नाही.

१९३० च्या सुमारास मार्गावर वीज आली आणि १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली. मळवलीकरांनी ती आजवर धावतानाच पाहिली.

(दृश्य: पहाट. लोकलच्या दाराशी दुधाचे कॅन.)

इथल्या माणसाचं जगणं खऱ्या अर्थानं बदललं ते मार्च १९७८ मध्ये, पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली तेव्हा. मावळातल्या पोराला रोज कॉलेजला जाऊन रात्री घरी येणं जमू लागलं. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातली पाळी पकडता येऊ लागली. भाड्याची खोली न घेता नोकरी करता येऊ लागली, आणि शेतही सुटलं नाही.

पहाटेची गाडी बघा. लोकल थांबते ती अर्धा मिनिट. एक जण उडी मारून आत शिरतो, दुसरा फलाटावरून भरलेला कॅन गुडघ्याचा टेकू देऊन उचलतो. आतला कडी धरून ओढतो. झाकणाखाली फडकं घट्ट दाबलेलं, तरी दोन थेंब पायरीवर सांडतातच. गाडी हलली तरी शेवटचा कॅन वर चढतोय. कोणी ओरडत नाही, सगळ्यांना सवय आहे. हे दूध थोड्या वेळात पुण्यातल्या चहाच्या टपरीवर उकळत असतं.

पावसाळ्यात खिडकीतून दोन्ही बाजूंना भाताची खाचरं दिसतात. तिथं बहुतेक इंद्रायणी भात असतो. वाणाला नदीचं नाव आहे, आणि तो याच मार्गावरच्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाला.

(दृश्य: भाजे लेणं, मागे लोहगड.)

भाज्याची २२ लेणी कार्ल्याहूनही जुनी. तिथं चौदा स्तूपांचा समूह आहे, आणि एका शिल्पात बाई तालवाद्य वाजवतेय. शेजारी विसापूर आणि लोहगड. लोहगड २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांच्या संचात. त्यामुळे आता गर्दी वाढणार हे उघड आहे.

(दृश्य: मळवली, दुपार. फलाटावर बसलेली माणसं, समोरून जाणारी मालगाडी.)

आणि इथंच या स्टेशनची खरी अडचण येते. पुणे ते लोणावळा जायला एक मार्ग, यायला एक मार्ग. त्याच दोन मार्गांवर मुंबईच्या एक्सप्रेस, दक्षिणेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल. मागून एक्सप्रेस येत असेल तर लोकल बाजूला थांबते. दुपारी तर दोन लोकलमध्ये बराच वेळ जातो, आणि गड उतरून आलेली, दर्शन घेऊन आलेली, दवाखान्यातून परतणारी माणसं एकत्र ताटकळतात. तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाची मागणी जुनी आहे. तो मार्ग झाला तर लोकलला स्वतःचे रूळ मिळतील. पण तोवर दुपारची एखादी गाडी वाढवायला हवी. रविवारी आणि यात्रेच्या दिवसांत तर हवीच.

पुण्याहून येणार असाल तर गाडी काढू नका. लोकलचं तिकीट वीस रुपयांच्या आत आहे, आणि भाज्याच्या अरुंद रस्त्यावर तुमच्या मोटारीमुळे गावकऱ्यांची बैलगाडी अडत नाही. स्टेशनबाहेर कार्ल्याला रिक्षा मिळते. भाजे चालत जाता येतं. उतरल्याबरोबर परतीच्या लोकलची वेळ बघून घ्या आणि डोंगर वेळेत उतरा. संध्याकाळच्या गाडीला कामगारांची गर्दी असते, तेव्हा सॅक पाठीवरून काढून पायाशी ठेवा आणि दार मोकळं सोडा. पुढच्या स्टेशनवर कोणाला तरी उतरायचं असतं.