दुखावल्या असतील तर

मंडळी, आयोजकांनी विषय सांगितला तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. नामवंतांनी पूर्वी कधीतरी वापरलेली वर्णद्वेषी भाषा आणि त्यावरून आज उठणारा गदारोळ. मी म्हटलं, अहो, मी बत्तीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवलेला मास्तर, मला नटनट्या आणि क्रिकेटपटूंचं काय विचारता? तर फोनवरचे गृहस्थ म्हणाले, "सर, मास्तरांनी ठेवलेली टोपणनावं पोरांना जन्मभर पुरतात. तुम्हीच बोला." आता यावर काय बोलणार? आलो.

जून २०२० आठवा. टाळेबंदी, आपण सगळे घरात कोंडलेले. २५ मे रोजी अमेरिकेत मिनीॲपोलिसला पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला आणि जगभर लोक रस्त्यावर उतरले. आपल्याकडच्या तारेतारकांनी इन्स्टाग्रामवर काळे चौकोन टाकले. त्यात गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती केलेले चेहरेही होते, आणि लोकांनी त्यांना ते तिथल्या तिथे ऐकवलं. त्याच महिन्यात ‘फेअर अँड लव्हली’नं १९७५ पासूनच्या नावातला ‘फेअर’ काढून टाकायचं जाहीर केलं. माझ्या शेजारच्या किराणा दुकानात आजही त्या क्रीमला जुन्याच नावानं हाक मारतात. पण तो वेगळा विषय.

त्याच दिवसांत डॅरेन सॅमी बोलला. वेस्ट इंडीजचा माजी कप्तान, २०१२ आणि २०१६ असे दोन टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून देणारा. आयपीएलमध्ये तो सनरायझर्स हैदराबादकडून खेळायचा, तेव्हा त्याला ‘कालू’ म्हणत. त्याची समजूत अशी की कालू म्हणजे दणकट, उमदा घोडा. कुणी ‘कालू’ म्हटलं की सगळे हसायचे, मग हाही हसायचा. टीव्हीवरचा एक कार्यक्रम बघताना त्याला खरा अर्थ कळला. मग लोकांनी इशांत शर्माचा २०१४ चा एक फोटो शोधून काढला. खाली सरळ नावं लिहिलेली : मी, भुवी, कालू… लपवाछपवी नव्हती. आपण काही वावगं लिहितोय असं लिहिणाऱ्याच्या मनातच नसावं. मला तर तेच जास्त बोचतं.

आपल्याकडे लगेच दोन फळ्या पडल्या. एक म्हणे, माफी मागा, बंदी घाला. दुसरी म्हणे, अहो, आपल्याकडे घराघरात एक काळू असतो, विठोबा काळा, राम काळा, प्रेमानं म्हणतात हो! आता हे खोटं नाही. खुद्द आपल्या पंचवटीत काळाराम आहे आणि गोराराम पण आहे, त्यात कमी-जास्त कुणी मानत नाही. पण राम काळा आहे म्हणून काळ्या माणसाला मान आहे, असं नाशिककरानं तरी म्हणू नये. त्याच काळ्या पाषाणाच्या दर्शनासाठी २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो इथे राहून चालवला, आणि पाच वर्षं दार उघडलं नाही.

आता सॅमीनं काय केलं ते बघा. त्यानं व्हिडिओ टाकून सांगितलं : मला असं म्हणणारे कोण होते ते त्यांना माहीत आहे, माझ्याशी बोला, तुम्हाला काय म्हणायचं होतं ते सांगा. एकानं फोन केला. बोलणं झालं. सॅमीनं मग जाहीर केलं की त्याच्या बोलण्यामागे माया होती, माझं समाधान झालं. विषय संपला. कुणामुळे संपला? सॅमीमुळे. ‘प्रेमानं म्हणतात हो’ म्हणणाऱ्या फळीमुळे नाही. प्रेम होतं की नव्हतं याचा निकाल ज्याला म्हटलं त्यानं द्यायचा असतो. उधारी माफ करायची तर ती सावकार करतो, देणेकऱ्याचे मित्र नाही. एवढी साधी गोष्ट आपल्या टीव्हीवरच्या चर्चांमध्ये कधी येत नाही. तिथे वाद एकच, माणूस चांगला की वाईट. अरे, तो चांगलाच असेल! शब्द कुणाला लागला ते सांगा ना.

त्याच आठवड्यातला दुसरा प्रसंग युवराज सिंगचा. एप्रिलमध्ये रोहित शर्माशी इन्स्टाग्रामवर गप्पा मारताना युजवेंद्र चहलच्या व्हिडिओंची थट्टा चालली होती, त्यात त्यानं एक जातिवाचक शब्द वापरला. तो शब्द मी इथे उच्चारणार नाही. तो एका जातीचं नाव आहे. म्हणजे शिवी चहलला दिलीच नव्हती. चहल नुसता निमित्त, शिवी म्हणून वापरली ती लाखो माणसांची जात. ५ जूनला युवराजनं निवेदन काढलं. मी भेदभाव मानत नाही, आणि नकळत कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर खेद व्यक्त करतो, असा त्याचा मथितार्थ. पुढे हरियाणात हांसीला गुन्हा दाखल झाला, ऑक्टोबर २०२१ मध्ये अटक होऊन लगेच जामिनावर सुटका झाली.

मला त्या निवेदनातल्या ‘असतील तर’वर बोलायचंय. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, पुढाऱ्यांपासून नटांपर्यंत सगळे हेच वाक्य वापरतात. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर.’ व्याकरणात ‘तर’ हे संकेतबोधक अव्यय. पाऊस आला तर छत्री नेऊ. म्हणजे पाऊस आलाय की नाही ते अजून ठरायचंय. इथे माणूस भिजून समोर उभा आहे, अंगावरून पाणी निथळतंय, आणि आपण म्हणतो, पाऊस आला असेल तर सॉरी. शिवाय भावना आपोआप ‘दुखावल्या’. कुणी दुखावल्या? वाक्यात कर्ताच नाही. माझ्या वर्गात असं वाक्य कुणी लिहिलं असतं, तर मी लाल शाईनं शेजारी ‘कर्ता?’ असं लिहून वही परत दिली असती.

उलट उदाहरणही आहे. इंग्लंडचा क्रिकेटपटू अझीम रफीक. मूळ पाकिस्तानी घरातला, यॉर्कशायरकडून खेळायचा. आपल्याला ड्रेसिंग रूममध्ये वंशावरून काय काय ऐकावं लागलं ते त्यानं नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे रडत रडत सांगितलं. सगळा देश हादरला. आणि दोनच दिवसांनी त्याचेच २०११ मधले संदेश बाहेर आले, ज्यूंबद्दल अत्यंत हिणकस. काढणाऱ्यांनी मुद्दाम वेळ साधून काढले असतील, असू देत. रफीकला वाट मोकळी होती. तेव्हा मी पोरगा होतो, मस्करी होती, माझ्यावर काय गुदरलंय बघा, काहीही म्हणता आलं असतं. तो म्हणाला, तपासून पाहिलं, ते मीच लिहिलंय, सबब नाही, लाज वाटते. ज्यू समाजाचं नाव घेऊन माफी मागितली. ‘असतील तर’ कुठेच नव्हतं. आणि मंडळी, यानं त्याची आधीची तक्रार खोटी ठरली नाही. ज्याला शब्द लागलाय तोच दुसऱ्याला शब्द मारून मोकळा होतो, हे आपल्या गल्लीतही रोज घडतं.

वयाचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. ऑली रॉबिन्सन २ जून २०२१ ला लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळायला उतरला. त्या सकाळी इंग्लंडचे खेळाडू भेदभावाविरुद्धचे टी-शर्ट घालून रांगेत उभे होते. संध्याकाळपर्यंत त्याची अठरा-एकोणीस वर्षांचा असतानाची ट्विट्स सगळीकडे फिरली. त्यानं सामन्यात सात बळी घेतले आणि संघाबाहेर गेला. शेवटी आठ सामन्यांची बंदी, त्यातली पाच स्थगित, शिवाय दंड. मला हे प्रमाणात वाटतं. अठराव्या वर्षी आपण सगळेच दिवटे असतो. आपल्या वेळी मोबाइल नव्हते एवढंच आपलं पुण्य.

एक किस्सा घाईत. ऑक्टोबर २००७, ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू अँड्र्यू सायमंड्स भारतात. बडोद्यात आणि नंतर वानखेडेवर काही प्रेक्षकांनी त्याच्याकडे बघून माकडाचे आवाज काढले, चाळे केले. तेव्हा एक बचाव असाही झाला की भारतीय लोक हनुमानाची भक्ती करतात, त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. हनुमानाचं जन्मस्थान मानतात त्या अंजनेरीच्या सावलीत राहणारी आपण माणसं. हनुमानाला हात जोडतात, मंडळी. काखा खाजवून दाखवत नाहीत.

आता जरा शरणपूर रोडवर चला. तुम्ही रोज जाता, सिग्नलला थांबता, पार्किंगवरून भांडता. ‘शरण’ कोण आलं होतं, कधी विचारलंत? एकोणिसाव्या शतकात इथे चर्च मिशनरी सोसायटीनं वस्ती वसवली. अरबी समुद्रात गुलामांची जहाजं इंग्रज आरमार पकडायचं, त्यातून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणून ठेवली. शाळेत घातली, कारागिरी शिकवली. पूर्व आफ्रिकेच्या इतिहासात त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणतात. आपल्या गावाचं नाव लावून! आफ्रिका धुंडाळणारा मिशनरी लिव्हिंग्स्टन १८६६ मध्ये शेवटच्या सफरीला निघाला तेव्हा यातले नऊ जण बरोबर नेले. १८७३ मध्ये तो आफ्रिकेच्या ऐन मध्यात वारला, आणि त्याच्या माणसांनी त्याचा देह हजार मैलांहून जास्त पायी वाहून किनाऱ्यावर आणला. त्यांच्यात जेकब वेनराइट होता, इथल्या शाळेत शिकलेला. तो शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पेटीला खांदा देणाऱ्यांत उभा राहिला.

मी वर्षानुवर्षं लिव्हिंग्स्टनचा धडा शिकवला. अंधारं खंड, शूर प्रवासी, नकाशावर छडी. शाळेपासून शरणपूर सायकलवर दहा मिनिटं. वेनराइटचं नाव मला निवृत्तीनंतर कळलं. आणि त्याच वर्गात कुरळ्या केसांचा, दांडगा, काळासावळा पोरगा दिसला की ‘हबशी’ म्हणायची आमच्याकडे पद्धत होती. स्टाफरूममध्येसुद्धा. हबश म्हणजे ॲबिसिनिया, आजचा इथिओपिया. त्याच मुलखातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा वजीर झाला, १६२४ ला भातवडीला त्यानं मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र हरवल्या, हेही मीच शिकवायचो. मंगळवारी मलिक अंबर, बुधवारी ‘ए हबशी, फळा पूस.’ दोन्हींचा संबंध कुणी लावला नाही. मीही नाही.

फोटोचं सांगतो आणि थांबतो. दहावीच्या निरोपाचा ग्रुप फोटो होता. फोटोग्राफर ऊन जाईल म्हणून घाई करत होता. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलाकडे बघून मी म्हणालो, "तू जरा हस रे, नाहीतर फोटोत दिसायचा नाहीस." सगळी पोरं खो खो हसली. तोही हसला, मला आठवतंय. छान जमलेला विनोद होता तो. संध्याकाळी घरीसुद्धा सांगितला.

गेल्या वर्षी त्या बॅचचं गेट-टुगेदर झालं, गंगापूर रोडला. मोठ्या पडद्यावर तो फोटो लावला होता. अठ्ठेचाळीस पोरं दात काढून हसताहेत. तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथा, ओठ घट्ट मिटलेले. मी तो फोटो आधी पन्नास वेळा पाहिला असेल, पण तेव्हाच दिसलं. जेवताना तो स्वतःच पानापाशी आला. पिंपळगावला द्राक्षाच्या खोक्यांचा धंदा आहे, दोन मुली. "सर, ओळखलंत का?" म्हणाला. मी फोटोकडे बोट केलं. तो हसून म्हणाला, "अहो सर, लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा मी असाच आहे. बायको अजून विचारते, रुसला होतात का."

मी म्हटलं, "अरे, मनात तसं काही नव्हतं रे."

"माहितेय ना सर."

"पण तुला तेव्हा वाईट वाटलं असेल तर…" असं म्हणालो, आणि ‘तर’पाशीच माझं तोंड अडखळलं. पुढचं वाक्य आलंच नाही. त्यानंच मला सोडवलं. "चला सर, एक सेल्फी घेऊ," म्हणून मोबाइल वर धरला.

तो फोटो माझ्याकडे आहे. त्यानं ओठ मिटलेत. माझे सगळे दात दिसताहेत.