मुदत कोणाच्या पदरात पडली?

मित्रहो, सांगलीकरांना बोलण्याची किंमत नव्यानं सांगायला नको. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात मराठी नाटकाला सुरुवात केली. पण आज रंगमंचावरच्या बोलण्याबद्दल बोलायचं नाही. दारात येऊन, ओट्यावर बसून, चहा घेता घेता जे गोड बोललं जातं, त्याबद्दल बोलायचं आहे.

इंग्रजीत त्याला ‘ब्लार्नी’ म्हणतात. फ्लॅटरी म्हणजे नुसती तोंडपुजी स्तुती. ब्लार्नीत स्तुती असते, शिवाय आश्वासनं, किस्से, हसवाहसवी, सगळंच असतं. आयर्लंडमध्ये एखाद्या बोलघेवड्या माणसाबद्दल हा शब्द कौतुकानंही काढतात.

मुळात हे गावाचं नाव. कॉर्क शहराजवळच्या ब्लार्नी गावात मॅकार्थी घराण्याचा किल्ला आहे, १४४६ सालचा. त्याच्या माथ्यावर, कठड्याखाली एक दगड बसवलाय. त्याचं चुंबन घेतलं की जिभेवर सरस्वती नाचते, अशी तिथली समजूत. पण दगड सहज हाती लागत नाही. उताणं झोपायचं, लोखंडी गज घट्ट धरायचे, डोकं मागं खाली सोडायचं आणि मग ओठ टेकवायचे. अंग धरायला एक माणूस शेजारी बसलेला असतो. तरीही लोक तिथं रांगा लावतात.

शब्दाची आख्यायिका मात्र दगडाची नाही, जमिनीची आहे. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीला हवं होतं की मॅकार्थीनं वडिलोपार्जित हक्क सोडावेत आणि तिची सत्ता मान्य करावी. मॅकार्थी कधी ‘नाही’ म्हणाला नाही. दर वेळी राणीची तारीफ, निष्ठेच्या शपथा आणि पुढचा वायदा. शेवटी राणी वैतागून म्हणाली म्हणे, की हे सगळं ब्लार्नी आहे! आपण याला कोपराला गूळ लावणं म्हणतो. वास येतो, जीभ पोचत नाही.

आता मला सांगा, मॅकार्थी चुकला का? मला तसं वाटत नाही. समोर फौज असलेली सत्ता, आणि हा एका मुलखाचा सरदार. गोड बोलून त्यानं मुदत मिळवली, ती स्वतःची जमीन राखायला. दुबळ्याच्या हातात तेवढंच असतं. म्हणून गोड बोलणं वाईट, असं मी सरसकट म्हणणार नाही. त्या बोलण्यानं मिळालेली मुदत कोणाच्या पदरात पडली, ते बघायचं.

२०१९ साली आपल्याच जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या इस्लामपुरातून चाललेली कडकनाथ कोंबडीची योजना कोसळली. पैसे भरा, पिल्लं आम्ही देऊ, अंडी आणि पक्षी ठरल्या दरानं आम्हीच परत घेऊ, असा करार. अशा व्यवहारात खरेदी थांबली की ‘जरा थांबा’ या दोन शब्दांचा अर्थ काय होतो, ते शेडमध्ये उभं राहून बघा. पक्ष्यांना आजही खाद्य लागतं, उद्याही लागतं. खाद्याचं पोतं उधारीवर येतं, आणि विकायचं म्हटलं तर त्या भावाला घेणारं दुसरं गिऱ्हाईक नाही. थांबण्याचा रोजचा खर्च ऐकणाऱ्याच्या डोक्यावर, आणि मुदत बोलणाऱ्याला. मॅकार्थीच्या बरोबर उलटं. असंख्य घरं यात पोळली. त्यांना ‘लोभी’ म्हणून हिणवणाऱ्यांचा मला राग येतो. दुधाला, उसाला वेळेवर पैसे मिळत नसताना कोणी आपुलकीनं हमीभाव बोलला, तर माणूस ऐकणारच.

याच वाळवा तालुक्यातलं येडेमच्छिंद्र हे क्रांतिसिंह नाना पाटलांचं गाव. त्यांचं बोलणं रांगडं, शेतातलं, आणि माणसं त्यासाठी मैलोन् मैल चालत यायची. नाना तलाठी होते. १९३० मध्ये त्यांनी ती सरकारी नोकरी सोडली आणि चळवळीत उतरले. पुढं प्रतिसरकारच्या काळात कर्ज काढून लग्नं करू नका, असं गावोगाव सांगितलं गेलं आणि कमी खर्चातले ‘गांधी विवाह’ लागले. ऐकणाऱ्याला यात गोड वाटावं असं काय होतं? मानपान सोडायचा, भाऊबंदांचे टोमणे खायचे. तरी लोकांनी ऐकलं, कारण सांगणाऱ्यानं आधी स्वतःच्या पगारावर पाणी सोडलेलं होतं.

म्हणून उद्या कोणी ओट्यावर येऊन बसलं, तर चहा जरूर द्या. त्याचं सगळं बोलणं ऐकून घ्या. मग दोनच गोष्टी विचारा: पैसे थांबले तर त्या दिवसांचं खाद्य कोण घालणार, आणि ते करारात कुठल्या कलमात लिहिलंय?