कॅमेऱ्याआधी ट्रायपॉड

(नाट्यसंस्था, महाविद्यालयं आणि गणेशोत्सव मंडळांसाठी चित्रीकरण करणाऱ्या तरुणांसमोर दादरमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. तुमच्यापैकी बहुतेकांकडे कॅमेरा आहे, किंवा अंधेरीहून भाड्याने आणायची सोय आहे, असं मी धरून चालतो. भाड्याची यादी करताना काय होतं तेही मला माहीत आहे. कॅमेऱ्याच्या मॉडेलवर तासभर वाद, लेन्सवर अर्धा तास, आणि फोन ठेवता ठेवता, ‘अरे हो, एक ट्रायपॉडपण टाक.’ आज मी त्या शेवटच्या वाक्यावरच बोलणार आहे. पैसे कमी असतील तर कॅमेरा एक पायरी खालचा घ्या आणि ट्रायपॉड एक पायरी वरचा. कॅमेरा दोन-तीन वर्षांत जुना वाटायला लागतो. चांगला हेड, म्हणजे ट्रायपॉडवरचा कॅमेरा फिरवणारा भाग, नीट वापरला तर त्यावर कितीतरी कॅमेरे येऊन जातात. आणि चित्र थरथरत असेल, तर फोर-केमध्ये ती थरथर जास्त स्वच्छ दिसते, एवढंच.

आपल्या शहराचं या वस्तूशी नातं जुनं आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. तेव्हाचे कॅमेरे हाताने दांडा फिरवून चालायचे. एक हात सतत गोल फिरतोय म्हटल्यावर कॅमेरा तिवईवर घट्ट बसवण्याला पर्यायच नव्हता. तो वळवायचा कसा, हा प्रश्न मात्र पुढे बराच काळ छळत राहिला. साध्या घर्षणावर चालणाऱ्या हेडला एक वाईट खोड असते: आधी तो अडून बसतो आणि मग एकदम सुटतो. तो सुटतानाचा हिसका पडद्यावर दिसतो. १९४० च्या दशकात ऑस्ट्रेलियात एरिक मिलर यांनी यावर फ्लुइड हेड काढला. आत दाट द्रवाचा थर असतो आणि हेड त्यातून सरकतो, काकवीत चमचा फिरवावा तसा. हळू ढकललं तर तो फारसा अडवत नाही, घाई केली तर तितक्याच जोराने विरोध करतो. म्हणून हाताची बारीक थरथर आतच जिरते.

आता प्रत्यक्ष उभारणी. एक पाय पुढे, लेन्सच्या खाली. दोन पाय मागे आणि त्या दोघांच्या मध्ये तुम्ही. कॅमेऱ्याचं वजन बहुधा लेन्सकडे झुकलेलं असतं, त्यामुळे पुढचा पाय त्याच दिशेला हवा. शिवाय तुमच्या पायांत ट्रायपॉडचा पाय येत नाही. उंची ठरवा, पायांना पसरवून धरणारा स्प्रेडर पूर्ण उघडा, प्रत्येक लॉक हाताने दाबून बघा. मग वरून तळव्याने जोर द्या. काही सरकलं तर ते आत्ताच सरकू दे, कॅमेरा चढल्यावर नको.

त्यानंतर लेव्हल. व्हिडिओच्या ट्रायपॉडला वरती वाटी असते, ७५, १०० किंवा १५० मिलिमीटरची, आणि हेडच्या खालचा अर्धगोल तिच्यात बसतो. पायांनी ढोबळ लेव्हल आणायची, मग खालची मूठ सैल करून बबल, म्हणजे लेव्हल दाखवणारा बुडबुडा, मध्ये आणायचा आणि मूठ पुन्हा घट्ट करायची. हे करताना दुसरा हात कॅमेऱ्यावर असलाच पाहिजे. ‘फ्रेम सरळ दिसतेय ना, मग बबल कशाला?’ असं मला नेहमी विचारतात. मरीन ड्राइव्हवर उभे राहा, मलबार हिलपासून नरिमन पॉइंटपर्यंत पॅन करा, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवा, आणि मग सांगा. हेड लेव्हलमध्ये नसेल तर सुरुवातीला सरळ वाटणारं क्षितिज शेवटी पोचेपर्यंत तिरकं झालेलं असतं आणि अख्खा अरबी समुद्र एका बाजूला सांडायला लागतो. सुरुवातीची एक फ्रेम सरळ असणं वेगळं, फिरण्याचा अक्ष सरळ असणं वेगळं.

पुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच सगळे गाळतात. कॅमेरा प्लेटवर, म्हणजे बुडाला लागणाऱ्या पट्टीवर, बसवला, हेडच्या आत सरकवला, लॉक केला. आता लगेच हँडल धरून फ्रेम लावायची नाही. आधी टिल्टचा, म्हणजे कॅमेरा वरखाली वाकवण्याचा, ड्रॅग (हेडचा विरोध) शून्यावर आणा. काउंटरबॅलन्सही (वजन तोलणारी हेडमधली स्प्रिंग) शून्यावर किंवा अगदी कमी ठेवा. एक हात कॅमेऱ्यावर ठेवूनच टिल्ट लॉक सोडा आणि कॅमेरा आडवा असताना तो पुढे झुकतो की मागे, ते बघा. पुढे झुकत असेल तर प्लेट मागे सरकवा, मागे जात असेल तर पुढे. बॅटरी, माइक, मॉनिटर, जे काही लावायचं ते सगळं लावून झाल्यावरच हे करायचं. प्रयोगाच्या मध्यंतरात मोठी बॅटरी काढून छोटी लावलीत, तर तोल पुन्हा बघावा लागतो.

आता काउंटरबॅलन्स. कॅमेऱ्याचं वजन टिल्टच्या अक्षाच्या वर असतं. जितका खाली वाकवाल तितकं ते वजन अक्षापासून बाहेर जातं आणि कॅमेरा आणखी जोराने खाली ओढला जातो. हेडमधली स्प्रिंग नेमकी उलट्या दिशेने ओढते. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की कॅमेरा कुठल्याही कोनात सोडा, तिथेच थांबतो. परीक्षा सोपी आहे. साधारण ३० अंश खाली वाकवा आणि हात अगदी जवळ ठेवून हँडल सोडा. कॅमेरा खाली चालला तर एक पायरी वाढवा. परत वर उसळला तर एक पायरी कमी करा. वरच्या दिशेलाही करून बघा. हे जमलं की मगच ड्रॅग घ्यायचा. कीर्तनकारासारखा एकाच जागी उभा वक्ता असेल तर ड्रॅग जास्त, शिवाजी पार्कवर चेंडूमागे जायचं असेल तर कमी.

काउंटरबॅलन्स न लावता ड्रॅग खूप वाढवून कॅमेरा थोपवून धरायची एक वाईट सवय आपल्याकडे आहे. वरवर काम झाल्यासारखं वाटतं. पण मग प्रत्येक टिल्टमध्ये तुमचा हात दोन कामं करतो, वजन पेलायचं आणि दिशाही द्यायची. दोन अंकी नाटकाच्या शेवटी खांदा बोलायला लागतो आणि फ्रेममध्ये ते कळतं. कॅमेरा नीट तोललेला असेल तर हाताला फक्त दिशा द्यायची असते. त्यासाठी अंगठा आणि दोन बोटंही पुरतात.

पॅन करताना पावलं शेवटच्या फ्रेमकडे ठेवा आणि कमरेतून वळून सुरुवातीच्या फ्रेमवर या. मग शरीर आपोआप मोकळं होत शेवटाकडे जातं. बरेच जण उलटं करतात आणि पॅनच्या शेवटी पीळ पडून हात थरथरतो. फार सावकाश पॅन हवा असेल तर हँडलला रबरबँड अडकवून त्याने ओढा. सुरुवातीचा झटका रबर खाऊन टाकतं. जुनी युक्ती आहे, अजून चालते.

नाट्यगृहाबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण तुमचं निम्मं काम तिथलंच. शिवाजी मंदिर असो, यशवंत असो की पार्ल्याचं दीनानाथ, तुम्हाला जागा मिळते ती मागच्या रांगेत किंवा बाल्कनीत. तिथे लेन्स पूर्ण झूम करून चेहरा घेतला की शेजारून चहा आणायला निघालेला माणूसही फ्रेममध्ये जाणवतो. लाकडी फळ्यांचा प्लॅटफॉर्म मिळाला तर ट्रायपॉड त्याच्यावर आणि तुम्ही जमिनीवर, किंवा दोघांना वेगवेगळे प्लॅटफॉर्म. एकाच फळीवर दोघं उभे राहिलात तर तुमच्या प्रत्येक पावलाची नोंद होते.

ऑटो आयरिस, म्हणजे लेन्सचं छिद्र आपोआप लहानमोठं होणं, बंद. मागे काळा पडदा आणि मध्ये एक उजळ चेहरा असला की कॅमेऱ्याला सगळं काळोखच वाटतं. तो आयरिस उघडतो आणि चेहरा पांढराफटक होतो. झीब्रा, म्हणजे ठरावीक उजेडाच्या भागावर दिसणारे पट्टे, लावा, पण आकडा डोकं वापरून ठरवा. ७० टक्क्यांचा झीब्रा गोऱ्या त्वचेच्या उजळ भागासाठी धरतात. सावळ्या चेहऱ्याला ओढून तिथपर्यंत नेलंत तर त्याचा रंगच जातो.

व्हाइट बॅलन्सही, म्हणजे पांढरं पांढरं दिसावं यासाठीची जुळणी, ऑटोवर नको. जुने हॅलोजन असतील तर ३२०० केल्विनवर कुलूप लावा. एलईडी असतील तर प्रयोगाआधी प्रकाशवाल्या दादांना विनंती करून रंगमंचावर साधा पांढरा प्रकाश मागा आणि कागदावर व्हाइट घ्या. रंगीत प्रकाशात व्हाइट घेतलात, तर प्रकाशयोजनाकाराने तिन्हीसांज म्हणून दिलेला केशरी रंग तुम्ही धुऊन काढाल. गेन, म्हणजे कॅमेऱ्याने चित्र आतूनच उजळवणं, शून्यावर ठेवायचा प्रयत्न करा. ६ डेसिबल वाढवले की एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, मिळतो आणि सोबत चित्रात दाणेही येतात.

शटर सेकंदाचा १/५०, फ्रेम सेकंदाला २५. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. १/५० मध्ये असे पूर्ण दोन ठोके मावतात आणि प्रत्येक फ्रेम सारखी उजळते. अमेरिकेतून आणलेला कॅमेरा बहुधा ३० फ्रेम आणि १/६० वर असतो, मग मंडळाच्या मांडवात चित्र लुकलुकतं आणि बिचाऱ्या डेकोरेटरला शिव्या बसतात. मागे एलईडी स्क्रीन असेल आणि तिच्यावर पट्टे फिरत असतील, तर क्लिअर स्कॅनने (शटरचा वेग बारीक बदलायची सोय) शटर थोडं थोडं हलवून पट्टे स्थिर करा.

फोकस पूर्ण झूम करून डोळ्यांवर घ्यायचा, मग वाइड जायचं. वाइडला चित्र मऊ पडत असेल तर बहुतेक वेळा बॅक फोकस, म्हणजे लेन्स आणि सेन्सरमधल्या अंतराची जुळणी, बिघडलेला असतो. आयरिस पूर्ण उघडून, स्टार चार्ट (फोकस तपासायचा चांदणीचा तक्ता) लावून तो प्रयोगाच्या आधी ठीक करायचा. प्रेक्षक आत आल्यावर नाही. आवाजाबद्दल एकच: मिक्सरमधून लाइन येत असेल तर स्विच माइकवर नाही, लाइनवर आहे आणि माइकला वीज देणारे ४८ व्होल्ट बंद आहेत, एवढं बघा. बाकी ध्वनीवाल्याचं ऐका.

पावसाळा राहिला. वातानुकूलित नाट्यगृहातून जुलैच्या दादरमध्ये कॅमेरा उघडा आणलात की लेन्सवर वाफ धरते. पुसून उपयोग नाही, पुन्हा धरते. बॅग बंद ठेवूनच बाहेर आणा आणि अर्धा तास तशीच राहू द्या. टेपच्या जमान्यात तर कॅमेऱ्यावर दमटपणाची सूचना लागायची आणि तो चक्क काम करायला नकार द्यायचा. आजचे कॅमेरे निमूट धुरकट चित्र घेत राहतात, हे जास्त धोक्याचं.

विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर गेलात तर पाय वाळूत रुततात. मिडलेव्हल, म्हणजे पायांच्या मध्यावर बसणारा, स्प्रेडर घ्या आणि पायांखाली प्लायचे तुकडे टाका. घरी आल्यावर पाय गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर खारी वाळू लॉकमध्ये बसते. उतरवताना टिल्ट आणि पॅन लॉक करा, कॅमेऱ्यावर हात ठेवा आणि मगच प्लेट सोडा. कॅमेरा उतरल्यावर काउंटरबॅलन्स आणि ड्रॅग शून्यावर आणून लॉक उघडे ठेवा. आणि प्लेट कॅमेऱ्याच्या बुडाला तशीच राहिली नाही ना, ते बघा. कॅमेरा एका दुकानातून, ट्रायपॉड दुसऱ्या दुकानातून आणला असेल तर हमखास हेच होतं. प्लेट अंधेरीला पोचते, हेड गोरेगावला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्हीकडून फोन येतात.