स्क्रीनशॉटमधून सुटलेली रिकामी जागा

नमस्कार मंडळी! बडोद्याहून बोलतेय.

माझ्या मावसबहिणीने किती दिवस मागे लागून सांगितलं, ‘लोर ऑलिंपस’ हे कॉमिक वाच. मी वाचायच्या आधी त्याच्यावर टीका करणारे व्हिडिओच बघत बसले. मग पहिला भाग उघडला, तर मला चित्रं दिसेचनात. दिसत होते ते फक्त ऐकलेले दोष. हा हात बघ कसा काढलाय, ही पार्श्वभूमी सपाट आहे... यातलं माझं काहीच नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. न्यूझीलंडच्या रेचल स्माइथ यांचं हे वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवरचं कॉमिक, २०१८ मध्ये वेबटून या कॉमिक वाचायच्या ॲपवर सुरू झालं आणि २०२४ मध्ये संपलं. २०२२ मध्ये त्याला कॉमिक्ससाठीचा मानाचा आयस्नर पुरस्कारही मिळाला. कथा ग्रीक पुराणातली, पाताळाचा राजा हेडीस आणि पर्सेफनी यांची. मूळ कथेत तो तिला पळवून नेतो. इथे प्रेमदेवता ॲफ्रोडाइटीच्या खोडसाळ सांगण्यावरून तिचा मुलगा इरॉस दारू प्यायलेल्या पर्सेफनीला त्याच्या गाडीत टाकतो. तो निळा, ती गुलाबी.

आता मला जे खरं सांगायचंय ते. आपल्याकडे रावपुऱ्यात भाऊ तांबेकरांचा वाडा आहे. भाऊ तांबेकर बडोद्याचे दिवाण होते. वाड्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत: कृष्णलीला, महाभारत, इंग्रज-मराठ्यांच्या लढाया. माझी आत्या म्हणायची, "रंग उडालेत गं, बघण्यासारखं काही उरलं नाही." तरी मी गेले. रंग उडालेत, हे खरंच आहे. पण ती चित्रं भिंतीच्या कडेकडेने चालत, मान वर करून बघायची असतात. मोबाइलवर कोणी एक चौकट काढून दाखवली, तर त्यात वाडा येतच नाही.

वेबटूनवरच्या कॉमिकचंही अगदी तसंच आहे. ते वरून खाली सरकवत वाचायचं असतं. दोन चित्रांमध्ये मुद्दाम मोठी रिकामी जागा सोडलेली असते. ती जागा म्हणजे वेळ. अंगठा तिथून सरकेपर्यंत आपण पात्राबरोबर थांबतो. टीकेच्या व्हिडिओत ती जागा कापलेली असते, एकच चित्र उचलून समोर धरलेलं असतं. म्हणून मी आवाज बंद केला, एक वही घेतली आणि पहिल्यापासून पंचवीसेक भाग सावकाश वाचले.

कथा रेंगाळते, ही तक्रार मला पटली नाही. पण ती खोटीही नाही. ज्यांनी दर आठवड्याला एकेक भागाची वाट बघितली, त्यांना ती रेंगाळलेलीच वाटणार. मी एका बैठकीत वाचलं, त्यामुळे माझा अनुभव निराळा. हे लक्षात आल्यावर त्या वाचकांवरचा माझा रागच गेला. इतकं बारकाईने चिडायला आधी इतकं प्रेम करावं लागतं.

अपोलो या देवाने पर्सेफनीवर केलेल्या अत्याचाराचा प्रसंग वाचताना मात्र मी फोन खाली ठेवला. अत्याचार थेट न दाखवता तिच्या मनात काय चाललंय ते दाखवलंय. त्याबद्दल मी आधी ऐकलेलं एकही वाक्य तेव्हा आठवलं नाही. वहीत त्या पानावर फक्त भागाचा क्रमांक आहे.

आणि वय? पर्सेफनी एकोणीस वर्षांची, हेडीस दोन हजारांच्या वरचा. हे टीकाकारांनी सांगितलं होतं आणि वाचल्यावरही मला खटकलंच. फरक इतकाच की आता कुठे खटकलं ते मी बोट ठेवून दाखवू शकते: तो तिला जपतो, आणि तो राजा आहे, ती शिकणारी मुलगी. ते जपणं आणि ते अंतर एकाच चित्रात आलं की मला अस्वस्थ होतं.

मावसबहीण म्हणते, देवांची वयं कसली मोजतेस! रविवारी ती घरी येणार आहे. वही काढून ठेवली आहे. तिला तेच भाग माझ्या शेजारी बसून पुन्हा वाचायला लावणार आहे.